'आय एच एस' : तीन अक्षरे, अनेक अर्थ



वेदीवरील कापडावर, मिस्सेच्या झग्यावर, परमप्रसाद ठेवण्याच्या पेटीच्या दारावर आणि पुष्कळदा परमप्रसादाच्या पांढऱ्या भाकरीवरही 'आय एच एस' ही तीन अक्षरे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्यांचा अर्थ विचारला की मात्र दहा जणांकडून चार उत्तरे येतात. कोणी म्हणतात 'येशू मानवांचा तारणारा', कोणी इंग्रजीतून 'आय हॅव सफर्ड' म्हणजे 'मी दुःख सोसले आहे' असे सांगतात, तर सेवामंडळातील मंडळींना 'इन हिज सर्व्हिस' आवडते. यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. परंतु मोबाईलवरून फिरणाऱ्या एका संदेशात ही अक्षरे ईसिस, होरस आणि सेब या इजिप्तच्या तीन जुन्या दैवतांची आद्याक्षरे असल्याचे म्हटले आहे. तो वाचून, अशी खूण असलेला परमप्रसाद घ्यावा की नाही, असे आमच्यापाशी येऊन विचारणारी माणसे आहेत. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आज थोडे सविस्तर लिहीत आहोत.

मुळात ही तीन शब्दांची आद्याक्षरे नव्हेतच. हा एकाच शब्दाचा संक्षेप आहे आणि तो शब्द म्हणजे येशूचे नाव. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. ग्रीकमध्ये येशूचे नाव 'इएसूस' असे होते आणि त्याची पहिली तीन अक्षरे आयोटा, ईटा व सिग्मा. मोठ्या लिपीतील ईटा हे अक्षर दिसायला हुबेहूब रोमन 'एच'सारखे असते, पण त्याचा उच्चार 'ए' किंवा 'ई' असा स्वराचा आहे. 'ह'शी त्याचा संबंध नाही. सिग्मा काही हस्तलिखितांत 'सी'सारखा अर्धगोल काढीत. त्यामुळेच जुन्या ठिकाणी 'आय एच सी' असेही आढळते.

ख्रिस्ती लेखनिक देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे शब्द पूर्ण न लिहिता दोन-तीन अक्षरांत लिहून वर एक आडवी रेघ ओढीत. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील पपायरसांवर ही रीत स्पष्ट दिसते. हे जागा वाचवण्यासाठी नव्हते, कारण जे शब्द निवडले ते पवित्र मानलेले होते. आपल्याकडे पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहिताना जो भाव असतो, तसाच काहीसा तो होता. 'बर्णबाचे पत्र' या फार जुन्या ख्रिस्ती लेखात तर याच अक्षरांवर एक उपदेश आहे. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात अब्राहामाची 318 माणसे येतात. ग्रीकमध्ये अक्षरांनाच संख्येची किंमत असते. आयोटा 10, ईटा 8, म्हणजे 18 म्हणजे येशू. आणि 300 म्हणजे टाऊ, ज्याचा आकार क्रुसासारखा! हिशेब जरा ओढूनताणून केलेला आहे हे मान्य, पण येशूचे नाव त्या काळी दोन अक्षरांतही ओळखले जात होते हे त्यावरून कळते.

पुढे पश्चिमेकडे ग्रीक मागे पडले आणि लॅटिन आली. लेखनिकांनी अक्षरे तशीच ठेवली, पण ईटाला ते आपला 'एच' समजू लागले. म्हणून मध्ययुगात येशूचे नाव 'एच' घालून लिहिलेले सापडते. संत जोन ऑफ आर्कच्या निशाणावरही ते तसेच होते. लहान लिपीत 'एच'चा दांडा उंच असतो. वरची आडवी रेघ त्या दांड्याला छेदून गेली आणि तिथे क्रूस तयार झाला. आज 'एच'वर आपण जो क्रूस पाहतो तो हाच.

मूळ विसरले गेल्यावर अर्थ शोधण्यात आले. 'येसूस होमिनुम साल्वातोर', म्हणजेच येशू मानवांचा तारणारा, हा त्यांतला सर्वांत सुंदर. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात देवदूत योसेफाला या नावाचे जे कारण सांगतो, त्याच्याशी तो जुळतोही. 'या चिन्हाने तू जिंकशील' हे 312 सालच्या कॉन्स्टंटाईनच्या लढाईशी जोडलेले वाक्यही यात बसवले गेले, परंतु ती गोष्ट वेगळ्या चिन्हाची आहे.

सिएनाचे संत बर्नार्दिन (1380-1444) प्रवचन देताना सूर्यकिरणांच्या मध्ये ही अक्षरे रंगवलेली फळी लोकांपुढे धरीत. त्यांच्यावर मूर्तिपूजेचा आरोप झाला. पोप पाचवे मार्टिन यांनी चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवले. संत इग्नेशियस यांनी हेच चिन्ह आपल्या शिक्क्यावर घेतले आणि ते येशूसंघाचे झाले. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या दर्शनी भिंतीवर ते पाहावयास मिळते. पोप फ्रान्सिस (2013-2025) येशूसंघाचे असल्याने त्यांच्या बोधचिन्हातही ते होते.

आता इजिप्तचे. हा अर्थ एकोणिसाव्या शतकातील स्कॉटलंडच्या अलेक्झांडर हिस्लप या पाळकाच्या 'द टू बॅबिलॉन्स' या कॅथलिकविरोधी पुस्तकातून पसरला. पण इजिप्तचे लोक ईसिसला 'असेत'सारख्या नावाने हाक मारीत, 'सेब' हे तर 'गेब'चे चुकीचे वाचन आहे आणि ग्रीकमध्ये होरसचे नाव ओमेगाने सुरू होते. तेव्हा ही आद्याक्षरे इजिप्तमध्येही जुळत नाहीत आणि ग्रीकमध्येही नाहीत. ती जुळतात फक्त आजच्या इंग्रजीत!

संत ऑगस्टीन सांगतात की, खूण म्हणजे जी पाहताच मनात दुसरीच वस्तू येते ती. तेव्हा खुणेबाबत दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: ती आली कुठून आणि आपण तिने काय म्हणतो. 'इन हिज सर्व्हिस' म्हणणारी बाई पहिल्या प्रश्नात चुकते, दुसऱ्यात नाही. तिला कोणी टोकू नये. मात्र धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना मूळ गोष्टच सांगावी. हिस्लपचे म्हणणे मात्र दोन्ही प्रश्नांत खोटे ठरते. परमप्रसादाच्या भाकरीवर लिहिलेले आहे ते येशूचेच नाव, ती निःशंकपणे घ्यावी.

वेदीसाठी नवे कापड भरणाऱ्या भगिनींना एक विनंती. अक्षरांच्या मध्ये टिंबे घालू नयेत, कारण टिंबांमुळेच ते तीन शब्द वाटतात. वरची रेघ मात्र जरूर भरावी. 3 जानेवारीला येशूच्या पवित्र नामाचा स्मरणदिन येतो, त्याआधी कापड तयार झाले तर त्या दिवशीच्या मिस्सेला ते वेदीवर घालता येईल.