दोन दाणे : सिकलसेलचा अभ्यासपाठ



वसतिगृहातील नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी शनिवारी दुपारी विज्ञानाचा जादा वर्ग चालतो, हे आपणांस ठाऊक आहे. त्या वर्गासाठी आपण वह्या-पुस्तके पाठवता, प्रार्थनेत त्याची आठवण ठेवता. तिथे नेमके काय शिकवले जाते हेही आपल्यापर्यंत पोहोचावे, म्हणून या अंकात त्यातला एक पाठ देत आहे. नववीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ नावाचे प्रकरण आहे आणि त्यात सिकलसेल या आजारावर थोडासा मजकूर आहे. परीक्षेत त्यावर फार तर एखादा प्रश्न येतो. पण सातपुड्यातल्या मुलांच्या दृष्टीने सबंध पुस्तकात याहून महत्त्वाचा मजकूर नाही, असे माझे मत आहे. कारण उघड आहे. नंदुरबारकडच्या भिल्ल व पावरा समाजात आणि गडचिरोलीतल्या माडिया, गोंड, परधान समाजांत या आजाराचे प्रमाण मोठे आहे. देशभरातल्या अनुसूचित जमातींचा विचार केला तर सुमारे ८६ जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो, असे सरकारी आकडा सांगतो.

सुरुवात रक्ताच्या थेंबापासून करू. रक्ताला लाल रंग देणाऱ्या तांबड्या पेशी दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारख्या असतात. काठ जाड, मध्ये खळगी. या ठेवणीमुळे त्या लवचीक असतात आणि केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिनीतूनही अंग चोरून पुढे जातात. पूर्ण वाढ झालेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते. तिच्यात ठासून भरलेले असते ते हिमोग्लोबिन. फुप्फुसात प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोहोचवायचा, हे त्याचे काम. अशी पेशी साधारण १२० दिवस काम करते, मग मोडते, आणि हाडांतल्या मज्जेत तयार झालेली नवी पेशी तिची जागा घेते.

सिकल म्हणजे विळा. हा शब्द मुलांना समजवावा लागत नाही, गवत कापून कापून त्यांच्या हातांना घट्टे पडलेले असतात. या आजारात हिमोग्लोबिनचा एक वेगळा प्रकार तयार होतो. प्राणवायू सोडून दिल्यावर त्याचे रेणू एकमेकांना चिकटून कडक काड्या बनतात आणि त्या काड्यांमुळे गोल पेशी ताणली जाऊन विळ्याच्या आकाराची होते. विळे बारीक वाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हातापायांत, पाठीत, छातीत, पोटात असह्य कळा सुरू होतात. शिवाय ही पेशी १२० दिवस टिकत नाही, १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कायम कमी. डोळ्यांत पिवळेपणा दिसतो तोही याच मोडतोडीमुळे. लोक त्याला कावीळ समजून गळ्यात माळ घालतात, आणि माळेने काही होत नाही.

शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली या विळ्यांचे पहिले वर्णन छापले. त्यांचा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण होता. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मूळ दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका कुठे आहे तेही शोधले. हिमोग्लोबिनमध्ये अमिनो आम्लांच्या चार माळा असतात. त्यांतली बीटा नावाची माळ १४६ मण्यांची. तिच्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. बाकी सगळी माळ जशीच्या तशी. एवढ्या एका मण्याने माणसाचे सगळे आयुष्य बदलते, हे सांगितल्यावर वर्ग थोडा वेळ गप्प होतो.

आता हा मणी येतो कुठून? माळ कशी ओवायची याचा निरोप जनुकात असतो, आणि प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. नेहमीच्या प्रतीला ‘ए’ म्हणतात, सिकलच्या प्रतीला ‘एस’. दोन्ही ‘ए’ असतील तर काहीच प्रश्न नाही. एक ‘ए’ आणि एक ‘एस’ असेल तर ती व्यक्ती वाहक, म्हणजे एएस. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शेतात राबतो, डोंगर चढतो, आणि बहुधा त्याला आपण वाहक आहोत हे ठाऊकच नसते. दोन्ही प्रती ‘एस’ असतील तरच एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण.

हे फळ्यावर चौकट काढून शिकवता येते, पण आम्ही मक्याचे दाणे वापरतो. निम्मे दाणे तसेच ठेवायचे, निम्मे लाल शाईत बुडवून वाळवायचे. दोन वाट्या घ्यायच्या, एक आईची, एक वडिलांची, आणि प्रत्येकीत एक पांढरा व एक लाल दाणा टाकायचा. म्हणजे दोघेही वाहक. मुलांनी डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एक-एक दाणा उचलायचा. ते झाले एक बाळ. लिहून ठेवायचे, दाणे परत टाकायचे, पुन्हा उचलायचे. असे पुष्कळ वेळा केले की साधारण चारांत एकदा दोन पांढरे, चारांत दोनदा एक पांढरा एक लाल, आणि चारांत एकदा दोन लाल असे प्रमाण दिसू लागते. ब्रनो शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेल नावाच्या धर्मगुरूंनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याच्या रोपांवर हेच मोजले होते आणि १८६६ मध्ये छापले होते. ते वारले १८८४ साली आणि जगाने त्यांचे म्हणणे मानले १९०० साली.

खरा धडा मात्र सरासरीत नाही, पहिल्या चार-पाच उचलींत आहे. एखाद्या जोडीला लागोपाठ दोनदा लाल-लाल येते. दुसऱ्या जोडीला दहा वेळा उचलूनही एकदाही येत नाही. मुले म्हणतात, ताई, यांनी लबाडी केली. लबाडी नसते. वाटीला मागचे काही आठवत नाही. प्रत्येक वेळी चारांत एक हीच शक्यता नव्याने उभी राहते. ‘पहिले मूल आजारी निघाले, म्हणजे पुढची तीन चांगली’ असा हिशेब गावात सर्रास केला जातो. तो खोटा आहे, आणि त्याने किती घरे फसली आहेत हे आपल्या परिचारिकांना विचारावे.

वाट्या दोन असतात, आणि दोन लाल दाणे एका वाटीतून कधीच येत नाहीत. हे मी मुद्दाम दोनदा सांगते. कारण मूल वारंवार आजारी पडू लागले की बोट आधी सुनेकडे वळते. कुठे तिच्या माहेरचा दोष काढतात, कुठे नजर लावली म्हणून शेजारच्या म्हातारीवर संशय घेतात. आपण विश्वासणारे यातून सुटलो आहोत असेही नाही. आपल्यात भगताकडे जात नाहीत, पण ‘घरात काही लपलेले पाप असेल’, ‘विश्वास कमी पडला असेल’ असे हलक्या आवाजात म्हणतात. आईला ते ऐकू जाते.

योहानकृत शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडावा. जन्मांध माणूस दिसताच शिष्यांच्या तोंडी पहिला प्रश्न तोच येतो : पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? प्रभू येशू दोन्ही पर्याय नाकारतो. यहेज्केलच्या अठराव्या अध्यायातही, आंबट द्राक्षे बापांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले, या अर्थाची म्हण इस्राएलात पुन्हा वापरू नका, असे देव बजावतो. काही जण निर्गमाच्या विसाव्या अध्यायातली तिसरी-चौथी पिढी पुढे करतात. तो इशारा मूर्तिपूजेच्या आज्ञेला जोडलेला आहे, देवाचा द्वेष करणाऱ्यांविषयी आहे. तो तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसून वाचण्यासाठी नाही. जनुक वारशाने येते, अपराध येत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पाळकांनी व्यासपीठावरून हे स्पष्ट सांगितले तर आमच्या दहा शनिवारांचे काम एका रविवारी होईल.

दरवर्षी एखादा विद्यार्थी, बहुधा मागच्या बाकावरचा, विचारतो : आमच्यातच हे जास्त का? आमचे रक्तच वाईट आहे का? या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. त्याचे उत्तर हिवतापात आहे. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले की ज्यांच्याजवळ ‘एस’ची एकच प्रत आहे त्यांना जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जंगलात, डासांच्या प्रदेशात, औषध नसताना पिढ्यान्‌पिढ्या कोणती मुले जास्त जगली? वाहक. त्यांची मुले वाढली आणि ‘एस’ही टिकून राहिला. म्हणून हे जनुक जिथे हिवतापाचा जोर होता तिथे सापडते : आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसच्या काही भागांत आणि भारताच्या मध्य पट्ट्यात. विदर्भात ते आदिवासी नसलेल्या समाजांतही आहे. तेव्हा हे रक्त वाईट नाही. ज्या संकटातून पूर्वज वाचले त्याची ही खूण आहे, आणि तिची किंमत दोन प्रती एकत्र आलेले मूल भरते. हे ऐकल्यावर मुलांची मान वर होते, हे मी पाहिले आहे.

आता तपासणीविषयी. बोटाच्या टोकावरून रक्ताचा थेंब घेऊन ‘सोल्युबिलिटी’ तपासणी होते. तीत द्रावण गढूळ झाले तर ‘एस’ आहे एवढेच कळते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा ‘एचपीएलसी’ ही पुढची तपासणी लागते. पुष्कळ जण पहिल्याच तपासणीवर घाबरून बसतात किंवा निर्धास्त होऊन घरी जातात. दोन्ही चुकीचे. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही पहिली तपासणी उपयोगाची नाही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातले हिमोग्लोबिन पुष्कळ असते. आजाराची लक्षणेही त्यामुळेच जन्मतः दिसत नाहीत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

लग्नाचा विषय नाजूक आहे, पण तो टाळून हा पाठ पुरा होत नाही. वाहकाने वाहक नसलेल्याशी लग्न केले तर एकही मूल रुग्ण होत नाही. रुग्णाने निरोगी, दोन्ही ‘ए’ असलेल्या व्यक्तीशी लग्न केले तर सर्व मुले वाहक होतात, रुग्ण एकही नाही. धोका दोन वाहकांच्या जोडीत आहे, आणि एक वाहक व एक रुग्ण अशा जोडीत त्याहून जास्त. म्हणजे ‘वाहक मुलीला घरात आणू नये’ या म्हणण्याला काही आधार नाही. प्रश्न एका वाटीचा नसतो, जोडीचा असतो. तरी स्थळ आले की आधी मुलीचाच कागद मागतात आणि मुलाची तपासणी करायला कोणी तयार नसते. दोघांचीही करावी, आणि बोलणी होण्याआधी करावी. मंडळीत तीन रविवार लग्नाची सूचना वाचली जाते, तोवर कापडचोपड घेऊन झालेले असते. म्हणून तर हा पाठ नववीत. ज्यांचे लग्न होऊन गेले आणि मग कळले, त्यांनी एकमेकांना सोडण्याचे काही कारण नाही. त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भावस्थेतील तपासणीवर आपल्या मंडळ्यांमध्ये निरनिराळी मते आहेत, त्याचा विचार सवडीने वेगळा करावा लागेल.

आणि जी मुले आजारी आहेत त्यांचे काय? वर्गात तीही बसलेली असतात, त्यामुळे हा भाग मी शेवटी घाईत उरकत नाही. पाणी भरपूर प्यावे. थंडीत भिजू नये. उन्हात धावण्याची शिक्षा त्यांना कोणी देऊ नये. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिले असेल तर ते नेमाने, कारण ते गर्भातल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि कळांचे झटके कमी होतात. रक्त कमी म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. ताप, छातीत दुखणे, दम लागणे, डाव्या कुशीत प्लीहेची सूज, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी, आणि ती दवाखान्याच्या वाटेवर गाडीत बसून करावी. प्रार्थनेनंतर बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नयेत.

पुढच्या तिमाहीत हा पाठ पालकांसाठी पावरी आणि भिली बोलीत घ्यायचा आहे. शिकवणार आहेत दहावीच्या मुली, त्यांनी स्वतःच मागणी केली आहे. लाल शाईच्या बाटल्या आणि वाट्या हव्या आहेत. मका आमच्याकडे आहे.