फसव्या दूरध्वनीची तक्रार : कोठे, केव्हा आणि कशी

घरफोडी करून चोर पसार झाला, तरी मोडलेली कडी आणि विस्कटलेले सामान मागे उरते. शेजारीपाजारी गोळा होतात, कोणी तरी पोलीस पाटलांकडे धाव घेतो. दूरध्वनीवरून येणाऱ्या ठकाच्या बाबतीत यातले काहीच घडत नाही. संभाषण संपते, बँकेच्या खात्यातील रक्कम गेलेली असते आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसालाही त्याचा पत्ता नसतो. फसवणूक लक्षात आल्यावर 'लोक काय म्हणतील', 'आपण सुशिक्षित असून कसे फसलो' या विचारात पुष्कळांचे कित्येक तास निघून जातात. दुर्दैवाने रक्कम परत मिळविण्याच्या दृष्टीने हेच तास सर्वांत मोलाचे असतात.

केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२५ साली संसदेत दिलेल्या माहितीनुसार, सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले होते. २०२४ साली हाच आकडा सुमारे २२,८४५ कोटी रुपयांवर गेला. दूरध्वनीखेरीज अन्य मार्गांनी झालेली फसवणूकही यात अंतर्भूत आहे. तथापि, एका वर्षात नुकसान तिपटीवर जावे ही बाब शासकीय कर्मचारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी गांभीर्याने घेण्याजोगी खास आहे. कारण फसलेला माणूस सल्ल्यासाठी प्रथम त्यांच्याकडेच येतो, आणि त्या क्षणी मिळालेल्या सल्ल्यावर पुढचे बरेच काही अवलंबून राहते.

तक्रार कोठे करावी, याचे उत्तर प्रथमतः एकाच प्रश्नावर ठरते : पैसे गेले आहेत काय?

पैसे गेले असल्यास

रक्कम गेली असेल, तर इतर सर्व कामे बाजूस ठेवून १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही राष्ट्रीय साहाय्यवाहिनी आहे. २०२१ साली ती १५५२६० या क्रमांकावर सुरू झाली आणि पुढे तिला १९३० हा लक्षात राहण्यास सोपा क्रमांक मिळाला. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने ती उभारली असून राज्याराज्यांचे पोलीस, बँका व अन्य वित्तसंस्था तिला जोडलेल्या आहेत.

या व्यवस्थेचे कार्य समजून घेतले म्हणजे घाई कशासाठी, हे आपोआप उमगते. ठकाने मिळविलेली रक्कम पहिल्या खात्यात फार काळ थांबत नाही. ती तेथून दुसऱ्या, तिसऱ्या आणि त्यापुढील खात्यांत तुकड्यातुकड्यांनी फिरविली जाते व अखेरीस रोखीने काढली जाते किंवा अन्य रूपात वळती होते. १९३० वर तक्रार नोंदविली गेली, की तिची सूचना ज्या बँकेत रक्कम गेली त्या बँकेकडे संगणकाद्वारे पोहोचते. रक्कम अद्याप त्या खात्यात असल्यास बँक ती रोखून धरते. पुढे गेलेली असल्यास कोणत्या बँकेत गेली हे ती नोंदविते आणि सूचना त्या पुढच्या बँकेकडे जाते. थोडक्यात, पैसा पुढे धावत असतो आणि तक्रार त्याच्या मागे. दोघांमधील अंतर जितके कमी, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक. दुसऱ्या दिवशी सकाळी केलेली तक्रार निरर्थक नसते. परंतु तोवर रक्कम बरीच पांगलेली असते.

दूरध्वनीवरील नोंदीनंतर तक्रारदाराच्या मोबाईलवर पोचक्रमांक येतो. तो जपून ठेवावा आणि २४ तासांच्या आत राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर (सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन) सविस्तर तक्रार पूर्ण करावी. हा दुसरा टप्पा अनेकांकडून राहून जातो. पहिला दूरध्वनी रक्कम अडविण्यासाठी असतो, तर तपासाला लागणारा तपशील व पुरावे या दुसऱ्या टप्प्यात नोंदले जातात.

याच्याच जोडीने स्वतःच्या बँकेला कळविणे अगत्याचे आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात ग्राहकाच्या दायित्वाची मर्यादा ठरवून दिली. ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसताना त्रयस्थाकडून अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर नुकसानीचा बोजा पडू नये, असे त्यात नमूद करण्यात आले. ग्राहकाने स्वतः ओटीपी अथवा संकेतांक सांगितला असल्यास कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे. मात्र कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे, असेही त्यात म्हटले. यास्तव बँकेला किती वाजता कळविले, याची लेखी पोच घेणे महत्त्वाचे ठरते. शाखा बंद असेल तर बँकेच्या ग्राहकसेवा क्रमांकावर कळवावे आणि मिळालेला तक्रार क्रमांक टिपून घ्यावा. हा ग्राहकसेवा क्रमांक पासबुकावर अथवा कार्डाच्या मागील बाजूस पाहावा. महाजालावर शोधून मिळालेले क्रमांक पुष्कळदा ठकांनीच पेरलेले असतात.

तक्रारीतील मजकूर

'माझ्या खात्यातून कोणी तरी पैसे काढले, कृपया कारवाई व्हावी' अशा स्वरूपाचे अर्ज नित्य येतात. त्यांतील व्यथा खरी असते, परंतु तपास करणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. उपयुक्त तक्रार साधारणतः पुढीलप्रमाणे असावी :

'दिनांक अमुक रोजी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी माझ्या मोबाईलवर अमुक क्रमांकावरून दूरध्वनी आला. बोलणाऱ्याने आपण वीज कंपनीचे अधिकारी असल्याचे हिंदीतून सांगितले. देयक थकल्याने रात्री वीज तोडली जाईल, असे सांगून त्याने एक लिंक पाठविली व ती उघडण्यास लावले. ११ वाजून ३२ मिनिटांनी माझ्या अमुक बँकेतील खात्यातून १९,५०० रुपये वजा झाल्याचा एसएमएस आला. त्यातील व्यवहार क्रमांक अमुक. त्यानंतर ११ वाजून ३५ मिनिटांनी आणखी १०,००० रुपये वजा झाले. व्यवहार क्रमांक अमुक.'

येथे विशेषणे नाहीत, संशयिताविषयी तर्क नाहीत; वेळ, क्रमांक आणि रक्कम मात्र आहे. व्यवहार क्रमांक हा या संपूर्ण मजकुराचा कणा होय. यूपीआयच्या व्यवहारात तो बारा अंकी असतो व बँकेच्या संदेशात किंवा उपयोजकातील व्यवहारनोंदीत सापडतो. तो उतरवून देताना एक अंक चुकला तर शोध भलत्याच दिशेने जातो; प्रसंगी एखाद्या निरपराध व्यापाऱ्याचे खाते अडकून पडते. म्हणून दुसऱ्याची तक्रार भरून देणाऱ्या शिक्षकाने अथवा सेवा केंद्र चालकाने हा क्रमांक मोठ्याने वाचून दोनदा ताडून पाहावा.

पुरावा म्हणून मोबाईलमधील आवक दूरध्वनींची नोंद, आलेले संदेश आणि बँकेचे खातेउतारे यांची पडद्यावरील छायाचित्रे ठेवावीत. संतापाच्या भरात ठकाशी झालेले संभाषण पुसून टाकणारे अनेक असतात. तसे करू नये. ठकाच्या सांगण्यावरून एखादे उपयोजक मोबाईलमध्ये घेतले असल्यास प्रथम इंटरनेट जोडणी बंद करावी आणि तक्रारीसाठी दुसऱ्याचा मोबाईल वापरावा.

पैसे गेले नसल्यास

दूरध्वनी आला, संशय आला, संभाषण तोडले आणि बचाव झाला. येथे बहुतेक लोक सुटकेचा निःश्वास टाकून विषय संपवितात. वास्तविक, अशा वेळची माहिती फार कामाची असते. कारण तोच क्रमांक त्याच दिवशी इतर अनेकांना लावला जात असतो. दूरसंचार विभागाने २०२३ च्या मे महिन्यात 'संचार साथी' हे संकेतस्थळ सुरू केले आणि ४ मार्च २०२४ रोजी 'चक्षू' ही सुविधा त्याला जोडली. मागील ३० दिवसांत आलेला संशयास्पद दूरध्वनी, एसएमएस अथवा व्हॉट्सअॅप संदेश तेथे नोंदविता येतो. २०२५ सालापासून संचार साथीचे मोबाईल उपयोजकही उपलब्ध आहे. मात्र, चक्षूवर केलेली नोंद ही गुन्ह्याची फिर्याद नव्हे, हा भेद ध्यानात ठेवावयास हवा. पैसे गेले असतील तर मार्ग १९३० चाच.

केवळ जाहिरातीचे नकोसे दूरध्वनी हा तिसरा प्रकार. त्यांची तक्रार आपल्या दूरसंचार कंपनीकडे १९०९ या क्रमांकावर करावयाची असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियमांत दुरुस्ती करून त्यासाठीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस केली. जाहिरातीसाठी १४० ने आरंभ होणारी, तर बँका, वित्तसंस्था व शासकीय कार्यालये यांच्या सेवाविषयक दूरध्वनींसाठी १६०० ने आरंभ होणारी मालिका ठरविण्यात आली आहे. साध्या दहा अंकी क्रमांकावरून 'बँकेतून बोलतो' असे सांगणाऱ्याविषयी म्हणूनच सावध असावे.

संचार साथीवरील आणखी एक सोय शिक्षक व कर्मचाऱ्यांनी स्वतः एकवार वापरून पाहावी. आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या चालू आहेत, हे तेथे कळते आणि अनोळखी जोडणीबाबत तेथूनच कळविता येते. ठकांची सिमकार्डे बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी कागदपत्रांवर घेतलेली असतात.

'डिजिटल अरेस्ट' नावाचा बनाव

स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे तो या प्रकाराचा. कारण येथे फसणारा माणूस तक्रार करण्याच्या स्थितीतच नसतो. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले', 'तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला' असे सांगून गणवेशातील मनुष्य मोबाईलच्या पडद्यावर येतो. बनावट आदेश दाखविले जातात. कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाशी बोलू नका, असे बजाविले जाते. वृद्ध, एकटे राहणारे, निवृत्तिवेतनधारक यांना अशा रीतीने कित्येक दिवस ओलीस ठेवल्याच्या घटना घडल्या आहेत. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' कार्यक्रमात पंतप्रधानांनी या प्रकाराविषयी देशवासीयांना सावध केले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी अशा प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला.

दृक्-श्राव्य दूरध्वनीवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटकेच्या वेळी ज्ञापन तयार करावे लागते आणि त्यावर साक्षीदाराची स्वाक्षरी लागते. पडद्यावर हे घडू शकत नाही. चौकशी चालू असताना 'पडताळणीसाठी' रक्कम जमा करण्यास कोणतीही पोलीस यंत्रणा वा न्यायालय सांगत नाही.

अशा व्यक्तीची सुटका बहुधा भोवतालच्या माणसांनाच करावी लागते. बँकेच्या शाखेत एखादे आजोबा घाबऱ्याघुबऱ्या मुदत ठेव मोडावयास आले आणि कारण विचारता टाळाटाळ करू लागले, कानाला लावलेला दूरध्वनी खाली ठेवीनात, तर तेथील कर्मचाऱ्याने दोन मिनिटे त्यांना बाजूस घेऊन विचारपूस करणे हा कर्तव्याचाच भाग होय. शेजाऱ्यांना संशय आल्यास त्यांनी दार ठोठवावे आणि गरज पडल्यास ११२ वर पोलिसांना बोलवावे.

पोलीस ठाणे आणि कायदा

'हे आमच्या हद्दीत नाही', 'सायबर शाखेकडे जा' अशी उत्तरे मिळाल्याचे गाऱ्हाणे काही ठिकाणी ऐकू येते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमाद्वारे दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. प्रथम खबर अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. खबर नोंदविण्यास नकार मिळाल्यास तिचा मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठविता येतो आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. बतावणी करून फसविणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खाली, तर संगणकीय साधनाद्वारे तसे करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे. अर्जात कलमे लिहिलीच पाहिजेत असे मात्र नाही. ती लावणे हे पोलिसांचे काम आहे.

अडविलेली रक्कम आपोआप खात्यात परत येते, असा समज आढळतो. सामान्यतः त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करून आदेश मिळवावा लागतो, आणि त्या वेळी पोचक्रमांक, खबरीची प्रत व खातेउतारा यांची गरज भासते. कागद पहिल्या दिवसापासून एकाच पाकिटात ठेवलेले असले म्हणजे ही धावपळ बरीच वाचते.

गावपातळीवर

ग्रामपंचायतीच्या फलकावर १९३० हा क्रमांक ठळक अक्षरांत रंगविणे, ग्रामसभेत दहा मिनिटे या विषयास देणे, पोलीस पाटील व सेवा केंद्र चालक यांना तक्रारीचा मजकूर कसा घ्यावा हे दाखविणे, या गोष्टींना वेगळा निधी लागत नाही. शिक्षकांनी तर एका बाजूकडे अधिक लक्ष पुरविणे जरूर आहे. महाविद्यालयीन मुलांना 'तुझे बँक खाते काही दिवस वापरावयास दे, हजार-दोन हजार मिळतील' असे सांगणारे भेटतात. चोरीचा पैसा ज्या खात्यांतून फिरतो, ती पुष्कळदा अशीच भाड्याने घेतलेली असतात. तपासाचा माग लागतो तेव्हा पहिले नाव निघते ते त्या विद्यार्थ्याचे. खाते वा सिमकार्ड दुसऱ्यास वापरावयास देणे म्हणजे केवळ भाबडेपणा नव्हे. त्यातून फौजदारी कारवाई ओढवू शकते, हे वर्गात स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे.

फसलेल्या माणसाची गावात होणारी चेष्टा हा तक्रारीतील मोठाच अडथळा आहे. पारावर एकाची टिंगल झालेली पाहिली, की पुढचे दोघे आपले नुकसान मुकाट्याने गिळतात आणि ठकाचा क्रमांक चालूच राहतो. सरपंचांनी किंवा मुख्याध्यापकांनी अशा माणसाला उघडपणे सोबत करून पोलीस ठाण्यात नेले, तर हे चित्र पालटू शकते.

तक्रार दाखल झाल्यानंतरही काही दिवस सावध राहावे लागते. 'सायबर पोलिसांकडून बोलतो, तुमची रक्कम सापडली आहे, शुल्क भरा म्हणजे परत मिळेल' असे दूरध्वनी पीडितांना येतात. रक्कम परत करण्यासाठी पोलीस शुल्क मागत नाहीत व ओटीपीही विचारीत नाहीत. असा दूरध्वनी आल्यास त्याचा क्रमांक व वेळ टिपून ती माहिती मूळ तक्रारीच्या पोचक्रमांकासह तपास अधिकाऱ्याकडे द्यावी.