धानाचे तणस आणि ओल धरणारे हायड्रोजेल

भंडारा जिल्हा तलावांसाठी प्रसिद्ध असला तरी धान निघाल्यावर बांधीतील ओल लवकर उडते आणि हरभरा, जवस यांसारखी पिके ऐन फुलोऱ्यात तहानेने सुकतात. त्याच सुमारास जादा तणस मात्र कित्येक ठिकाणी जाळले जाते. या तणसातच ओल धरून ठेवणाऱ्या पदार्थाचे मूलद्रव्य दडलेले आहे.

तणसाच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग सेल्युलोज नावाच्या तंतुमय द्रव्याचा असतो. अल्कलीच्या प्रक्रियेने त्यातील लिग्निन व सिलिका काढून टाकतात. उरलेला लगदा यंत्रात घुसळून अथवा आम्लाने प्रक्रिया करून त्याचे अतिसूक्ष्म तंतू मोकळे करतात. त्यांची जाडी १०० नॅनोमीटरहून कमी असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग होय. हे तंतू परस्परांत सांधले म्हणजे जाळे तयार होते. ते पाणी शोषून फुगते, परंतु विरघळत नाही. यालाच हायड्रोजेल म्हणतात.

मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने सूक्ष्म सेल्युलोज तयार करण्याच्या पद्धतींवर काम केले आहे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारित 'पुसा हायड्रोजेल' तयार केले. ते अर्धकृत्रिम आहे. त्याची मात्रा एकरी १ ते २ किलो सांगितली जाते.

येथे थोडा हिशेब करावा. शुद्ध पाण्यात हे जेल वजनाच्या ३५० पट पाणी धरते. म्हणजे २ किलोत ७०० लिटर. एक मिलिमीटर पाऊस मात्र एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी देतो. यावरून जेल हे ओलिताची जागा घेऊ शकत नाही, हे उघड आहे. मुळांजवळ राहून ते वारंवार भरते व रिते होते, एवढाच त्याचा लाभ. म्हणून ते शेतभर न फेकता कोरड्या मातीत मिसळून बियाण्याच्या ओळीतच द्यावे. क्षारयुक्त पाण्यात त्याची शोषणशक्ती घटते, हेही ध्यानात ठेवावे.

ग्राम कार्यकर्त्यांनी प्रथम एकाच बांधीत जेल दिलेला व न दिलेला असे दोन सारखे पट्टे राखून उत्पन्न व खर्च यांची तुलना दाखवावी. अल्कली व आम्ले यांमुळे घरी जेल बनविण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. तणस मात्र जाळू नये. गुरांची वैरण राखून उरलेले पिकाच्या ओळींमध्ये पसरावे. ओल टिकविण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आजही शेतकऱ्यांच्या हाती आहे.