ऊर : शब्द एक, कुळे दोन

बेळगाव-निपाणी भागातील बाजारात कानडी भाषक सहज विचारतो, "निम्म ऊरु यावुदु?" अर्थ इतकाच की, आपले गाव कोणते? कानडी न जाणणारा मराठी माणूस मात्र क्षणभर घोटाळतो. बोलताना अखेरचा उकार हलका होतो आणि त्याच्या कानी 'ऊर' पडतो. त्याच्या भाषेत ऊर म्हणजे छाती.

मराठीतील 'ऊर' संस्कृत 'उरस्' या शब्दापासून आला. ऊर भरून येणे, ऊर बडविणे, धावून धावून ऊर फुटणे हे त्याचे नित्याचे प्रयोग होत. कानडीतील 'ऊरु' द्राविडी कुळातील आहे. तमिळ व मल्याळममध्ये 'ऊर', तेलुगूत 'ऊरु' अशा रूपाने तो गाव याच अर्थी आढळतो. या दोन शब्दांचे परस्परांशी नाते नाही. इराकमधील प्राचीन 'ऊर' नगराशी कानडी शब्दाचा संबंध जोडण्याचा मोह होतो; परंतु केवळ ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे. त्यासाठी भगिनीभाषांतील रूपे व जुने लेख यांची साक्ष घ्यावी लागते.

ग्रामनामांबाबत हा विवेक विशेष आवश्यक आहे. बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर या नावात द्राविडी 'ऊर' आहे. तसाच तो महाराष्ट्रातील लातूरमध्येही आहे. राष्ट्रकूट राजांच्या बिरुदात येणारे 'लत्तलूर' म्हणजे लातूरच, असे अभ्यासक मानतात. खानापूर, कोल्हापूर यांचा शेवट कानाला तसाच वाटला, तरी तेथे संस्कृत 'पुर' आहे. बेळगावचे जुन्या लेखांतील नाव वेणुग्राम. २०१४ पासून अधिकृत असलेल्या 'बेळगावी' या नावातही तो 'ग्राम' ऐकू येतो.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरच्या सीमावादात नावाचा शेवट दाखवून गावावर हक्क सांगण्याचा प्रकार घडतो. तो योग्य नव्हे. नाव ठेवणाऱ्यांची भाषा कोणती होती, एवढेच नावावरून कळते. आज त्या घरांतून कोणती भाषा बोलली जाते, हे त्या घरांतील माणसांनाच विचारले पाहिजे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपल्या तालुक्यातील गावांची यादी करवून घ्यावी. प्रत्येक नावाचा उच्चार मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांतील वृद्धांच्या तोंडून ऐकून लिहावा आणि 'ऊर', 'पूर', 'गाव' असे गट पाडावेत. त्यासाठी शेजारच्या घरी जावे लागेल, हाही या पाठाचाच भाग होय.