दंतवैद्यक नियतकालिकांचा क्रम कसा लागतो?

१९७२ साली 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर' या नियतकालिकात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील जनतेविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता, डेन्मार्कचे प्रा. पिंडबोर्ग व त्यांचे सहकारी यांनी १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखाची तपासणी करून कर्करोग व कर्करोगपूर्व विकारांची नोंद त्यात केली होती. काम दंतसंशोधकांचे, विषय मुखाचा. परंतु निबंध छापला कर्करोगाच्या नियतकालिकाने. पुढे इतर संशोधकांनी त्याचा जो आधार घेतला, तो कर्करोगाच्या नियतकालिकाच्या खाती जमा झाला. दंतवैद्यकाच्या नियतकालिकांना त्याचा काहीही लाभ झाला नाही. नियतकालिकांची क्रमवारी वाचताना हा जमाखर्च ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. कारण या क्रमवारीवरून अध्यापकांच्या नेमणुका, बढत्या व संशोधनाची अनुदाने ठरविण्याची प्रथा आपल्याकडेही रुजली आहे.

या क्रमवारीचे मूळ अमेरिकेतील वकिली व्यवसायात आहे. कोणत्या निवाड्याचा पुढे कोणत्या खटल्यात हवाला दिला गेला, याची सूची तेथे १८७३ पासून छापली जात असे. तीच कल्पना विज्ञानास लावावी, असे युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली सुचविले. पुढे फिलाडेल्फिया येथील त्यांच्या संस्थेने विज्ञानातील संदर्भांची सूची काढली आणि तिच्या आधारे १९७० नंतरच्या दशकात नियतकालिकांचा वार्षिक ताळेबंद प्रसिद्ध होऊ लागला. कोणते नियतकालिक विकत घ्यावे, हे ग्रंथपालांस ठरविता यावे, हा त्याचा एक प्रमुख उपयोग होता.

या ताळेबंदातील मुख्य आकडा म्हणजे 'इम्पॅक्ट फॅक्टर' अथवा प्रभावांक. त्याचे गणित प्राथमिक शाळेतील सरासरीचेच आहे. समजा, एका नियतकालिकाने २०२२ व २०२३ या दोन वर्षांत मिळून १०० लेख छापले आणि २०२४ मध्ये इतरत्र त्या दोन वर्षांतील मजकुराचा ३०० वेळा संदर्भ देण्यात आला, तर त्याचा २०२४ चा प्रभावांक ३ होय. यात एक मेख आहे. भागताना केवळ शोधनिबंध व समीक्षालेख मोजले जातात. संपादकीये व वाचकांची पत्रे मोजली जात नाहीत. मात्र त्यांना मिळालेले संदर्भ वरच्या आकड्यात येतात.

दोन वर्षांची ही मुदत दंतवैद्यकास विशेष जाचक ठरते. दातात भरलेले सिमेंट किंवा जबड्यात बसविलेला कृत्रिम दात टिकतो की नाही, हे पाच-दहा वर्षे रुग्णावर लक्ष ठेवल्याखेरीज कळत नाही. मायकेल बुओनोकोर यांचे उदाहरण बोलके आहे. दाताच्या कवचावर अर्धा मिनिट फॉस्फरिक आम्ल लावल्यास भरणद्रव्य घट्ट चिकटते, हे त्यांनी १९५५ साली 'जर्नल ऑफ डेंटल रिसर्च'मध्ये दाखविले. आज दाताच्या रंगाचे भरण करणाऱ्या दंतवैद्याचे काम याच तत्त्वावर चालते. परंतु योग्य रेझिन हाती येईपर्यंत त्या निबंधाचे महत्त्व फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. दोन वर्षांच्या हिशेबात अशा निबंधाला जागा नाही.

याउलट समीक्षालेखांना संदर्भ लवकर व विपुल मिळतात. कारण नवा निबंध लिहिणारा दहा मूळ निबंधांऐवजी एका समीक्षेचा हवाला देऊन मोकळा होतो. १९९३ साली सुरू झालेले 'पेरिओडॉन्टॉलॉजी २०००' हे हिरड्यांच्या विकारांवरील नियतकालिक जवळजवळ केवळ मागवून घेतलेल्या समीक्षाच छापते आणि गेली अनेक वर्षे दंतवैद्यकाच्या यादीत अग्रभागी असते. त्याची योग्यता कमी लेखण्याचे कारण नाही. पण मूळ प्रयोग छापणाऱ्या नियतकालिकाशी त्याची तुलना करणे म्हणजे घाऊक बाजाराची उलाढाल शेतातील उत्पन्नाशी ताडून पाहण्यासारखे आहे.

सरासरीचा दोष तर शाळामास्तरांना सांगावयास नकोच. पर सेग्लेन या नॉर्वेजियन संशोधकाने दाखवून दिले की, नियतकालिकातील सुमारे १५ टक्के लेखांनाच एकंदर संदर्भांपैकी निम्मे संदर्भ मिळतात. स्फटिकशास्त्राच्या एका नियतकालिकाचा अंक २००८ मध्ये सुमारे २ होता, तो २००९ मध्ये एका लेखाच्या बळावर जवळजवळ ५० झाला. उर्वरित लेखकांनी काहीही अधिक केले नव्हते! दंतवैद्यकातही २०१८ साली हिरड्यांच्या रोगांचे नवे वर्गीकरण दोन नियतकालिकांतून एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्यानंतर या विषयावर लिहिणाऱ्यास त्या वर्गीकरणाचा उल्लेख करणे भागच पडू लागले.

आणखी एक कारण आपल्या अधिक जवळचे आहे. सुपारीच्या सेवनाने तोंड आखडत जाऊन घास घेणेही कठीण होण्याचा विकार मुख्यत्वे भारतात व शेजारच्या देशांत आढळतो. त्यावर संशोधन करणारे थोडे, म्हणून संदर्भ देणारेही थोडे. कृत्रिम दंतरोपणावर मात्र जगभर लिहिले जाते. संपादकाने प्रभावांकाकडे पाहून निवड केली, तर खेड्यातील रुग्णाचा आजार मागे पडतो. आणि बढतीची चिंता असलेला तरुण अध्यापकही मग तो विषय टाळतो.

आकड्याचा मोह गैरमार्गासही नेतो. एका खासगी दंत महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून परीक्षेत निबंध लिहवून घेऊन त्यांत संस्थेच्याच लेखांचे संदर्भ मोठ्या प्रमाणात घातले जात असल्याचे वृत्त २०२३ साली 'सायन्स' या साप्ताहिकात आले होते. वाजवीपेक्षा अधिक स्वसंदर्भ आढळल्यास त्या नियतकालिकाचा प्रभावांक रोखून धरण्याची तरतूद क्रमवारी काढणाऱ्यांनी केली आहे. त्याच वर्षापासून त्यांनी प्रभावांक दशांशाच्या तीनऐवजी एकाच स्थळापर्यंत देण्यास आरंभ केला. त्यामुळे पूर्वी हजारांश फरकाने पुढेमागे होणारी कित्येक नियतकालिके आता एकाच पायरीवर दिसतात.

आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्रातून सांभाळली जात असे. ही यादी २०२५ साली बंद करण्यात आली व नियतकालिकाची पारख करण्याचे काम संस्थांवर सोपविण्यात आले. साहजिकच यादी पाहून खूण करण्याची सोय निवड समित्यांना राहिलेली नाही. अशा समितीवर दंतवैद्यक न शिकलेला सदस्यही काही गोष्टी विचारू शकतो. उमेदवाराच्या त्या विशिष्ट निबंधाचा आधार कोणी व कशासाठी घेतला? त्यांपैकी किती संदर्भ त्याच्याच संस्थेतील आहेत? तुलना एकाच उपविषयातील नियतकालिकांची आहे काय? आणि तपासणी कोठे व किती रुग्णांची झाली? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही क्रमवारीत सापडत नाही. त्यासाठी निबंधच उघडावा लागतो.