वरिष्ठांपुढे काम मांडण्याची रीत

आपल्या पेढ्यांतून शिकलीसवरलेली मुले कामास लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु "थोरले आमचे ऐकून घेत नाहीत" अशी त्यांची तक्रार वारंवार कानी येते. थोरल्यांचे म्हणणे असे की, "पोरे बोलतात फार, मुद्द्याचे सांगत नाहीत." दोन्हींत तथ्य आहे, आणि अशा कुरबुरींतूनच पुढे एका पेढीच्या दोन पेढ्या होतात. म्हणून या विषयाचा थोडा विचार करू.

पेढीच्या मालकास प्रथम तीन गोष्टी जाणावयाच्या असतात : रक्कम किती गुंतणार, लाभ काय, आणि बेत फसल्यास सुटका कशी. आपण श्रम किती केले, हे त्यानंतर.

एक उदाहरण घेऊ. गोदामावर धान्याची ओल मोजणारे यंत्र घ्यावे, असे चिरंजीवांस वाटते. तो म्हणतो, "अण्णा, हल्ली सगळीकडे यंत्रे आली, आपणही घेऊ." अण्णा उत्तरतात, "चाळीस वर्षे दाणा दाताखाली धरून माल घेतला. आमचे काय अडले?" संवाद तेथेच संपतो, कारण नकळत अण्णांच्या अनुभवावरच बोट ठेवले गेले.

तेच असे मांडावे : "अण्णा, माल ओला की सुका हे आपणास दाताखाली कळते, पण ओल १४ टक्के की १२, हे यंत्रच सांगेल. समजा, १४ टक्के ओलीची ५०० क्विंटल ज्वारी घेतली व ती गोदामात १२ टक्क्यांवर आली. घट १० क्विंटल वाटते, पण भरते ११ क्विंटल ३६ किलो. कारण कोरडा अंश ४३० क्विंटल तेवढाच राहतो आणि तो आता वजनाच्या ८८ टक्के असतो. क्विंटलला ३,००० रुपये भाव धरल्यास ३४,००० रुपयांहून अधिक तूट येते. यंत्राची किंमत या कागदावर लिहिली आहे. एक हंगाम एकच यंत्र वापरून पाहू."

यंत्र धान्यागणिक जुळवावे लागते व त्याचा आकडा अधूनमधून पडताळावा लागतो, हेही त्याने आपण होऊन सांगावे. उणीव आधी सांगणाऱ्याच्या आकड्यांवर विश्वास बसतो. ती मागाहून उघड झाली, तर खऱ्या आकड्यांचीही किंमत जाते.

वेळही पाहावी. लिलावाच्या गर्दीत किंवा रोजमेळ जुळत नसताना विषय काढू नये. मजकूर एका कागदात मावावा, आणि अखेरीस आपणास कोणता निर्णय हवा आहे, हे स्पष्ट विचारावे.

थोरल्यांसही एक विनंती आहे. नकार अवश्य द्यावा, पण कारणासह द्यावा. कारण कळलेला मुलगा पुढील खेपेस अधिक चोख हिशेब घेऊन येतो. न कळलेला गप्प बसतो. आणि तरुणांचे बोलणे बंद झालेल्या पेढीत मालाची तूट कळण्यास फार उशीर होतो.