छापील जाहिरातीची मांडणी : काही मूलतत्त्वे

वृत्तपत्रातील छोट्याशा जाहिरातीत आपण धन्वंतरीचे चित्र, औषधांची लांबलचक यादी आणि सर्व पदव्या कोंबतो. परिणामी वाचकाची नजर कोठेच स्थिरावत नाही. म्हणून मुख्य आशय एकच निश्चित करून तो सर्वांत मोठ्या अक्षरांत द्यावा व त्याभोवती कोरी जागा सोडावी. देवनागरीतील मात्रा व उकार वर-खाली जात असल्याने ओळींमध्ये पुरेसे अंतर ठेवावे. वृत्तपत्री कागदावर शाई पसरते. त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरील बारीक पांढरी अक्षरे बुजतात. पत्ता व वेळ तळाशी ठळक द्यावी.

‘मधुमेह समूळ बरा’ हा मथळा मात्र कितीही सुबक मांडला तरी १९५४ च्या ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायद्यान्वये गुन्हाच ठरतो. तेव्हा प्रूफ तपासताना अक्षरांइतकेच दाव्यांकडेही आपण काटेकोरपणे पाहावयास हवे.